कागदावरचे घर आणि संगणकातले घर

संगणकाच्या या पाठाची सुरुवात आम्ही शौचालयाने करीत आहोत याबद्दल सुज्ञ वाचक क्षमा करतील. परंतु आम्हांला हा विषय शिकावा असे वाटले ते आमच्या घरातील शौचालयामुळेच. तेव्हा ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमचे घर बांधले तेव्हा नकाशा एका जाणकाराकडून काढून घेतला होता. नाव घेण्याचे कारण नाही. त्यांनी जे केले तेच त्या काळी सगळे करीत. नकाशात जिना काढला होता आणि जिन्याच्या मधल्या टप्प्याखाली शौचालय दाखविले होते. जागा वाचली म्हणून आम्हीही खूश झालो. घर उभे राहिले, स्लॅब पडला, जिना झाला आणि मग लक्षात आले की त्या शौचालयात माणसाला उभे राहता येत नाही. हिशोब अगदी सोपा आहे. मजल्याची उंची ३ मीटर. पायऱ्यांच्या उभ्या चढी १६, म्हणजे एक चढ १८७.५ मिलिमीटर. मधला टप्पा आठव्या चढीवर, म्हणजे दीड मीटरवर. त्यातून टप्प्याच्या काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर वजा केली की खाली उरतात १.३५ मीटर, म्हणजे साधारण साडेचार फूट. त्यात भांडे बसविण्यासाठी फरशी आणखी वर आली. खाली खणावे म्हटले तर शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपाला उतार राहत नव्हता. आमच्या आईने दहा वर्षे त्या शौचालयात वाकून ये-जा केली. तिचे गुडघे त्यामुळेच गेले असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण आम्ही म्हणतो.

चूक कोठे झाली? नकाशा वरून पाहिला तर काहीच चुकले नव्हते. वरून पाहताना उंची दिसत नाही. उंची दिसते ती छेदाच्या नकाशात, म्हणजे घर उभे कापून दाखविलेल्या चित्रात. आणि आमच्या नकाशातला छेद घेतला होता बैठकीतून, जिन्यातून नव्हे. कागदावर जे कापून दाखविले नाही ते कोणी पाहिले नाही. नकाशा काढणाऱ्याने नाही, मिस्त्रीने नाही, आणि सही करणाऱ्या आम्हीही नाही.

मागील दोन-तीन वर्षांपासून आमचा भाचा पुण्यात एका कार्यालयात घरांची मॉडेले तयार करण्याचे काम करतो. आयटीआयमधून आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला आहे. दिवाळीत तो रोहिणखेडला आला असता आम्ही त्याच्यापुढे ही जुनी तक्रार मांडली. तो म्हणाला, "मामा, तुमचं घर कागदावर आधी काढलं, पण उभं आधी केलं नाही." मग त्याने संगणकावर आमच्याच घराचा जिना उभा केला आणि त्याखाली साडेपाच फुटांचा माणूस ठेवला. माणसाचे डोके काँक्रीटमध्ये शिरलेले दिसले. आम्ही हसलो, पण आई हसली नाही.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत लिपिक आहोत. अभियांत्रिकीशी आमचा संबंध कर्जाच्या फायलींपुरता. तरीही त्या सुटीत आणि नंतर अनेक रविवारी बसून जे शिकलो ते आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहोत.

या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल म्हणतात, थोडक्यात बिम. मराठीत 'इमारतीचे माहितीयुक्त प्रतिरूप' असे म्हणता येईल, पण आम्ही पुढे सुटसुटीतपणे मॉडेल असाच शब्द वापरू. नकाशा आणि मॉडेल यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. संगणकावर काढलेला नकाशादेखील नकाशाच असतो. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. त्या रेषांना आपण भिंत आहोत हे माहीत नसते. मॉडेलमध्ये भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची लांबी, उंची, जाडी, ती विटेची की काँक्रीटची, ती कोणत्या मजल्यावर आहे, तिच्यात कोणती खिडकी बसली आहे, हे सर्व तिच्यासोबत असते. खिडकी सरकविली की भिंतीतले भोकही सरकते. भिंत हलविली की खोलीचे क्षेत्रफळ आपोआप बदलते. वरचा नकाशा, समोरचे दृश्य, छेद हे वेगवेगळे काढायचे नसतात. एकाच मॉडेलकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिले की ते मिळतात. त्यामुळे नकाशात खिडकी आहे आणि दर्शनी चित्रात नाही, असा प्रकार घडत नाही. आमच्या बँकेत येणाऱ्या फायलींत असा प्रकार किती घडतो हे आम्ही जाणतो.

ही कल्पना फार नवी नाही. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ च्या सुमारास इमारतीचे वर्णन संगणकात साठविण्याची पद्धत मांडली होती. हंगेरीमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीने आर्किकॅड हा कार्यक्रम तयार केला. रेव्हिट हा आज बहुतेक कार्यालयांत दिसणारा कार्यक्रम २००० साली बाजारात आला आणि २००२ मध्ये तो ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतला. अनेक कंपन्या, अनेक कार्यक्रम, मग एकाने केलेले दुसऱ्याला उघडता कसे येणार? त्यासाठी आयएफसी नावाचा एक सामाईक फाइल-प्रकार ठरविण्यात आला आणि २०१३ साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कोणत्याही बँकेचा धनादेश दुसऱ्या बँकेत वटतो, तसे हे आहे. आयएफसी फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. आत ओळींमागून ओळी असतात आणि प्रत्येक भिंतीला, प्रत्येक दाराला २२ अक्षरांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. खातेक्रमांकच म्हणा ना.

बांधकाम परवानगीसाठी मॉडेल मागण्याची सुरुवात ज्या देशांनी केली त्यांत सिंगापूर अग्रभागी आहे. तेथे २०१० पासून वास्तुरचनेची मॉडेले स्वीकारली जाऊ लागली. २०१३ पासून २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांना वास्तुरचनेचे मॉडेल देणे सक्तीचे झाले आणि २०१५ पासून ही मर्यादा ५,००० चौरस मीटरवर आली. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी कोरनेट एक्स ही नवी व्यवस्था सुरू केली. तिच्यात वेगवेगळ्या खात्यांकडे वेगवेगळे नकाशे पाठविण्याऐवजी सर्वांनी मिळून एकच समन्वित मॉडेल आयएफसी स्वरूपात द्यायचे असते. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांसाठी ही पद्धत लागू केली.

आपल्याकडे काय आहे? विदर्भातल्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. तिच्या उभारणीत मॉडेलला वेळ आणि खर्च जोडून, म्हणजे लांबी, रुंदी, उंची अधिक वेळ अधिक पैसा अशा पाच परिमाणांत काम केले गेले. परंतु घरांच्या परवानगीचा विचार केला तर महाराष्ट्रात अजून सर्वसाधारणपणे नकाशेच मागितले जातात. अर्थात तेही आता संगणक तपासतो. पुणे महानगरपालिकेने पुण्यातल्याच एका कंपनीने तयार केलेली ऑटोडीसीआर ही प्रणाली या शतकाच्या पहिल्या दशकात वापरात आणली. तीत नकाशाच्या प्रत्येक रेषेला ठरलेल्या नावाच्या थरावर ठेवावे लागते. भूखंडाची सीमा एका थरावर, इमारतीची बाह्यरेषा दुसऱ्या, खोल्या तिसऱ्या. मग संगणक सामासिक अंतरे आणि चटईक्षेत्र मोजून नियमांशी ताडून पाहतो. हे मॉडेल नव्हे, पण मॉडेलकडे जाणारी पायरी निश्चित आहे. माणसाने पाहावे म्हणून नव्हे, तर यंत्राने वाचावे म्हणून नकाशा काढायचा, हा विचार येथून सुरू झाला. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रे वगळून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. गावोगावचे वेगळे नियम जाऊन एक पुस्तक झाले. संगणकाला तपासणी शिकवायची तर नियम एक असणे फार सोयीचे असते.

आता रोहिणखेडचा माणूस म्हणेल, आम्हांला याचा काय उपयोग? आमच्या गावठाणातील घराचे काम ग्रामपंचायतीच्या कक्षेत येते. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ तेच सांगते. नव्या नियमावलीत दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरासाठी कार्यपद्धती फारच सोपी केलेली आहे. मग संगणकाचे एवढे अवडंबर कशाला? आमचे उत्तर असे की, जेथे तपासणारा कमी तेथे स्वतः तपासण्याची गरज जास्त. शहरात नकाशा चार टेबलांवरून जातो आणि कोणीतरी कधीतरी जिन्याखाली पाहतो. आपल्याकडे नकाशावर सही होते आणि दुसऱ्या दिवशी फक्की पडते.

चला तर, एक लहान घर उभे करून पाहू. आम्ही फ्रीकॅड हा कार्यक्रम वापरला. तो मोफत आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.० आवृत्तीपासून मॉडेल करण्याची साधने त्यातच समाविष्ट आहेत. रेव्हिट विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी विनामूल्य मिळतो, पण त्याला संगणक चांगला लागतो. आमचा संगणक जुना आहे, म्हणून आमच्या मार्गाने गेलेले बरे.

सर्वांत आधी एकक ठरवावे. गावात आपण फुटांत बोलतो, नियम मीटरमध्ये असतात आणि मॉडेल मिलिमीटरमध्ये चालते. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे पाठच करून ठेवावे. आमच्या उदाहरणातील भूखंड ९ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल आहे, म्हणजे १३५ चौरस मीटर, साधारण १,४५३ चौरस फूट. लोक त्याला सरसकट तीस-पन्नासचा प्लॉट म्हणतात आणि १,५०० फूट धरतात. फरक येथूनच सुरू होतो.

दुसरे काम भूखंडाची सीमा. ही पायरी विद्यार्थी घाईने उरकतात आणि खरा घोळ येथेच असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर क्षेत्र आणि चतुःसीमा असतात, पण कोपरे किती अंशांचे आहेत हे त्यात नसते. म्हणून सीमा उताऱ्यावरून काढू नये, मोजणीवरून काढावी. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. या प्रकारच्या मोजणीचा आरंभीचा प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला होता. ज्या गावी अशी पत्रिका मिळाली असेल तेथे तिचाच नकाशा घ्यावा.

हे का महत्त्वाचे, ते पाहा. समजा आपण ९ बाय १५ चा चौकोन धरून, समोर ३ मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडून, ६ मीटर रुंद आणि ९.६ मीटर लांब घर बसविले. मागे २.४ मीटर उरले. कागदावर सर्व ठीक. पण प्रत्यक्षात भूखंड मागच्या बाजूला ९ ऐवजी ८.४ मीटर आहे, आणि ती ६० सेंटिमीटरची घट सगळी एकाच कडेला आहे. आता हिशोब करा. पंधरा मीटरमध्ये ६० सेंटिमीटर, म्हणजे दर मीटरला ४ सेंटिमीटर घट. घराचा मागचा कोपरा समोरच्या सीमेपासून १२.६ मीटरवर आहे. तेथे भूखंडाची रुंदी ८.४९६ मीटर. त्यातून डावीकडचे दीड मीटर आणि घराचे ६ मीटर गेले की उजवीकडे उरतो जेमतेम एक मीटर. दीड दाखविले, एक निघाले. ही अर्ध्या मीटरची पट्टी म्हणजे शेजाऱ्याशी वीस वर्षांचा अबोला. मॉडेलमध्ये खरी सीमा टाकली असती तर संगणकाने लगेच अंतर दाखविले असते आणि घर थोडे सरकविता आले असते. आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांत असाच वाद आहे. नावे सांगत नाही, गावात सर्वांना ठाऊक आहेत.

तिसरे म्हणजे पातळ्या. जमीन, जोते, तळमजला, पहिला मजला, गच्ची अशा पातळ्या प्रथम आखून घ्याव्यात आणि प्रत्येक वस्तू तिच्याच पातळीला जोडावी. नवशिका पहिल्या मजल्याची भिंत तळमजल्याला जोडून ती उचलून वर ठेवतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण मजलानिहाय क्षेत्रफळ काढताना संगणक ती तळमजल्यातच मोजतो आणि बेरीज चुकते. बँकेत पावती दुसऱ्याच खात्यात जमा झाल्यासारखे ते आहे. रक्कम बरोबर, खाते चूक.

मग भिंती, कॉलम, बीम, स्लॅब, दारे, खिडक्या. येथे मुले रमतात, त्यामुळे फार सांगत नाही. एकच उदाहरण देतो. ६ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २० सेंटिमीटर जाड भिंत घेतली तर तिचे घनफळ ३.६ घनमीटर. तिच्यात १ मीटर बाय २.१ मीटरचे दार बसविले की ०.४२ घनमीटर वजा होऊन ३.१८ उरतात. प्रमाणित मापाच्या विटा मसाल्यासह घनमीटरला ५०० लागतात, म्हणजे १,५९० विटा. आता त्याच भिंतीत १.२ बाय १.२ मीटरची खिडकी टाका. संगणक क्षणात सांगतो की १,४४६ विटा, म्हणजे १४४ कमी. आपल्या भागातील भट्टीच्या विटांचे माप वेगळे असते, तेव्हा आकडा बदलून घ्यावा. मुद्दा असा की अंदाजपत्रक आणि नकाशा हे दोन वेगळे कागद राहत नाहीत.

आमच्या कामाशी याचा फार जवळचा संबंध आहे. घरकर्जाचे हप्ते जोते, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्यांनी सुटतात. अंदाजपत्रक एका नकाशाचे, मंजुरी दुसऱ्याची आणि बांधकाम तिसरेच, अशी फाइल आली की पुढचा हप्ता अडतो. अर्जदाराला वाटते लिपिक अडवतो आहे. स्लॅबचे सेंटरिंग भाड्याने आणून ठेवलेले, पाऊस तोंडावर, आणि हप्ता नाही. अशा वेळी काउंटरच्या अलीकडे बसणे सोपे नसते हे आम्ही अनुभवाने सांगतो. तीन कागद एकाच मॉडेलमधून निघालेले असते तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, खोली. नकाशात आपण चार भिंतींच्या मध्ये 'स्वयंपाकघर' असे लिहितो. मॉडेलमध्ये नुसते लिहून चालत नाही. खोली म्हणजे भिंतींमधली पोकळी, ही एक स्वतंत्र वस्तू म्हणून निर्माण करावी लागते आणि तिला नाव, उपयोग, क्षेत्रफळ, उंची द्यावी लागते. तपासणारा संगणक भिंती वाचून स्वयंपाकघर ओळखू शकत नाही. त्याला पोकळी हवी. तथागतांच्या परंपरेत शून्याला अर्थ आहे असे आमच्या मंडळातील वडीलधारे म्हणतात. येथेही तसेच काहीसे आहे, पण तो विषय वेगळा.

खोल्यांची वस्तू तयार झाली की तक्ता काढावा आणि नियमांशी ताडून पाहावा. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे राहण्याच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर हवी. एकच खोली असेल तर ती ९.५ चौरस मीटरपेक्षा लहान नको आणि रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. निवासी जिन्याची चढ १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पाऊल ठेवण्याची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि जिन्याच्या टप्प्याखालून जाण्यासाठी २.२ मीटर मोकळी उंची हवी. आमच्या शौचालयाला १.३५ होती हे वाचकांच्या लक्षात असेलच. परवानगीसाठी अर्ज करताना मात्र त्या-त्या क्षेत्राला लागू असलेली नियमावली उघडून आकडे पाहावेत.

खिडकीचे उदाहरण विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे उघडे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी असावे असे संहिता सांगते. ३ बाय ३.६ मीटरची खोली १०.८ चौरस मीटर होते, तिला १.०८ चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. १.२ बाय १.२ ची खिडकी १.४४ देते, म्हणजे पास. मग घरमालक म्हणतो, खोली जरा मोठी करा. ती ३.६ बाय ४.२ केली की १५.१२ चौरस मीटर झाली आणि गरज १.५१२ वर गेली. खिडकी तीच राहिली. आता नापास. कागदावर ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खोली वाढविताना आनंद इतका असतो की खिडकीकडे कोण पाहतो? मॉडेलच्या तक्त्यात ती ओळ आपोआप बदलते. आमच्या वडिलांच्या वेळच्या धाब्याच्या घरात एकच लहान झरोका होता आणि चुलीचा धूर डोळ्यांत जाई. त्यामुळे खिडकीच्या या एक दशांशाला आम्ही फार किंमत देतो.

शेवटी चटईक्षेत्राचे प्रमाण. एका मजल्याचे ५७.६ चौरस मीटर भागिले १३५, म्हणजे ०.४३. दोन मजले केले तर ०.८५. भूखंड वर सांगितल्याप्रमाणे मागे अरुंद असेल तर त्याचे क्षेत्र १३५ नसून १३०.५ आहे, तेव्हा प्रमाण ०.८८ होईल. मग उत्तर दिशा द्यावी. भूखंडाचे भौगोलिक स्थान मॉडेलच्या माहितीत वेगळे नोंदवावे. त्यासाठी घर उचलून हजारो किलोमीटर दूरच्या आकड्यांवर नेऊन ठेवू नये, नाहीतर चित्र थरथरते आणि मापे बिघडतात. आम्ही हे करून एक आख्खा रविवार घालविला. नंतर आयएफसी फाइल काढावी आणि ती दुसऱ्या कार्यक्रमात उघडून पाहावी. आपल्याच कार्यक्रमात बरोबर दिसते म्हणजे ती बरोबर आहे असे नव्हे.

इतके सांगून झाल्यावर मॉडेलला काय कळत नाही तेही सांगितले पाहिजे. त्याला जमीन कळत नाही. आपल्या भागात काळी जमीन आहे, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. संगणकातले कॉलम कितीही सुबक दिसले तरी पाया किती खोल न्यायचा हे मातीची तपासणी आणि अभियंता ठरवितो. त्याला मिस्त्रीचा हात कळत नाही. ओळंब्यात दोन सेंटिमीटर चूक झाली तर मॉडेल तिचा साक्षीदार नसतो. आणि त्याला आपण दिलेली खोटी माहितीही कळत नाही. सीमा चुकीची दिली तर ते अत्यंत नीटनेटकेपणे चुकीचे उत्तर देते. आम्हांला सर्वांत जास्त भीती या नीटनेटकेपणाची वाटते, कारण रंगीत चित्र पाहून घरमालक प्रश्न विचारायचे थांबतो.

घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी एक शब्द. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे आणि सर्वांसाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. दुसरीत घर किमान २५ चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह, असावे लागते आणि बांधकामाच्या टप्प्यांची स्थळनोंदीसह छायाचित्रे घेतली जातात. तेथे कोणी मॉडेल मागत नाही. पण २५ चौरस मीटरमध्ये चूक करायला जागाच नसते. बंगल्यात दार चुकले तर दुसरे पाडता येते. घरकुलात दार चुकले की खाट बसत नाही. म्हणून आमचे असे मत झाले आहे की या विद्येची खरी गरज लहान घराला जास्त आहे. आपल्या वस्तीतील एका मुलाने चार-पाच नमुना घरकुले मॉडेलमध्ये करून ठेवली, त्यात खाट, चूल, पेटी, पाण्याचा ड्रम ठेवून पाहिले, आणि ज्याला घरकुल मंजूर झाले त्याला जोते आखण्यापूर्वी दाखविली, तर खर्च काहीच नाही. सही मात्र परवानाधारक अभियंत्याचीच घ्यावी. आपण अभियंता नाही याचे भान सुटू देऊ नये.

रोजगाराविषयी मुले विचारतात. भाच्याच्या कार्यालयात परदेशातील घरांची मॉडेले होतात. तो म्हणतो, मशीन चालविणारे खूप आहेत, घर कसे बांधतात हे जाणणारे कमी. ज्याने सुटीत मिस्त्रीच्या हाताखाली काम केले आहे, लाइनदोरी धरली आहे, गुण्या लावून कोपरा पाहिला आहे, त्याला हे काम लवकर येते. आपल्या कितीतरी मुलांनी शिक्षणासाठी पैसे जमविताना ही कामे केली आहेत आणि ते सांगायला लाजतात. मुलाखतीत ते आधी सांगावे असे भाच्याचे म्हणणे आहे. इंग्रजीची भीती मात्र घालवावी लागेल, कारण आज्ञा सगळ्या इंग्रजीत आहेत. चारशे-पाचशे शब्दांचा प्रश्न आहे. आम्ही पंचेचाळिशीत शिकलो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही परसात आईसाठी वेगळे शौचालय बांधले. दीड मीटर बाय १.२ मीटर, उंची २.४, भिंतीला धरायला दांडी, दार बाहेर उघडणारे, उंबरठा नाही. मॉडेल आम्ही केले, चूक भाच्याने काढली. दार उघडले की ते तुळशीच्या ओट्याला लागत होते. ओटा आमच्या आधीच्या मालकाचा. आम्ही त्याला मॉडेलमध्ये घेतलेच नव्हते, कारण तो घराचा भाग वाटला नाही. दाराची बाजू बदलली. मिस्त्रीने नकाशा पाहून विचारले, "साहेब, एवढ्या संडासाला एवढं चित्र?" आईने आत जाऊन, उभी राहून, हात वर करून छताला लागतो का पाहिले. लागला नाही.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास: आपल्या घरातील जिना टेपने मोजावा. चढी किती, एक चढ किती मिलिमीटर, मधला टप्पा जमिनीपासून किती उंच आणि त्याखाली मोकळी उंची किती, हे लिहून काढावे. ज्यांच्या घरी जिना नाही त्यांनी एका खोलीचे क्षेत्रफळ आणि तिच्या खिडकीचे उघडे क्षेत्र मोजून दशांशाचा हिशोब करावा. भूखंडाच्या चारही बाजू आणि जमले तर एक कर्ण मोजावा. कर्ण मोजल्याशिवाय चौकोन काटकोनी आहे की नाही हे कळत नाही. वह्या रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात घेऊन याव्यात. संगणक एकच आहे, तेव्हा पाळीपाळीने बसावे लागेल.